आतून सगळं ठीक दिसत होतं

प्रिय मुलांनो,

तुमचे धाकटे आजोबा गेल्याचं तुम्हाला घरच्या ग्रुपवर एका ओळीत कळलं. "काका गेले. सर्व शांतपणे झाले." ही ओळ त्यांनी स्वतः वाचली असती तर लिहिणाऱ्याला लगेच फोन लावून झाडलं असतं. कशाने गेले, त्रास कधीपासून होता, डॉक्टर काय म्हणाले, जवळ कोण होतं, यातलं काहीच तिच्यात नाही. तुम्ही तिकडे मेलबर्नला बसून त्या ओळीखाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकलीत. तुमचाही दोष नाही, तिला दुसरं उत्तर देताच येत नव्हतं. म्हणून मी हे सविस्तर लिहायला बसले आहे. लांब होईल. एका दमात वाचलं नाही तरी चालेल, पण वाचा.

सबंध मराठवाड्यात 'काहीतरी बिघडलंय' या दोन शब्दांचा त्यांच्याइतका कट्टर वैरी दुसरा झाला नसेल. ते तुमच्या आजोबांचे सर्वांत धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची आणि ते मला वहिनी. सिडकोतल्या आपल्या घराच्या गच्चीवरची खोली त्यांची. तिथे ते एकटे राहिले, कारण लग्न झालं नाही, आणि ते का झालं नाही हेही त्यांनी शोधून काढलं होतं. एका स्थळाकडून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. दुसऱ्या कुणी तो ऐकून सोडून दिला असता. भाऊजी सायकल काढून थेट मुलीच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "नेमकं काय जुळत नाही? गण, नाडी की मंगळ?" तासाभराच्या चहापाण्यानंतर असं निघालं की पत्रिका कुणी उघडलीच नव्हती, जावई कारखान्यात रात्रपाळी करतो हे मुलीच्या आईला पसंत नव्हतं. भाऊजी घरी आले ते अगदी प्रसन्न चेहऱ्याने. "वहिनी, कारण कळलं," म्हणाले आणि दोन भाकरी जास्त जेवले. नकाराचं त्यांना दुःख झालंच नाही असं मी म्हणत नाही, पण मोघम नकाराचं झालं असतं तेवढं नक्कीच झालं नाही.

नोकरी वाळूजला. एका कारखान्याच्या देखभाल विभागात ते इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या परदेशी मशीनवर काही बिनसलं की एक लाल दिवा लागे आणि त्याखाली इंग्रजीत 'फॉल्ट' एवढंच लिहिलेलं असे. भाऊजी या दिव्यावर इतके चिडायचे की जणू तो दिवा त्यांच्याशी उद्धटपणे बोलला आहे. "अरे, फॉल्ट आहे हे मलाही दिसतंय. कुठे आहे ते सांग ना शहाण्या!" शेवटी त्यांनी प्रत्येक दिव्याशेजारी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर 'हा लागला तर पाण्याचा नळ बघा'. दुसरीवर 'हा लागला तर हात घालू नका, मला बोलवा'. आणि तिसरीवर 'हा उगाच लागतो'. ते निवृत्त झाल्यावरही त्या चिठ्ठ्या कुणी काढल्या नाहीत असं त्यांचे सहकारी सांगत.

घरातही आमची सुटका नव्हती. दूधवाला एकदा दारातून "काका, आज दूध नाय" असं ओरडून वळला, तर यांनी त्याला परत बोलावलं. "दूध नाही म्हणजे काय? म्हैस आटली, गाडी पंक्चर झाली, का घरी भांडण झालं?" तो बिचारा कसनुसा होऊन म्हणाला, "नाय काका, सासरवाडीला जायचंय." "मग तसं म्हण की! तसं म्हटल्यावर कोण रागावतंय?" मी एकदा "आज बरं वाटत नाही" एवढंच बोलले, तर थर्मामीटर घेऊन समोर उभे. "वहिनी, बरं वाटत नाही ही तक्रार नव्हे, अफवा आहे. दुखतंय कुठे?" एकदा त्यांच्या मोबाइलवर बँकेचा निरोप आला की काहीतरी चूक झाली आहे, कृपया नंतर प्रयत्न करा. भाऊजी मोबाइल घेऊन बँकेत गेले आणि मॅनेजरला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "काहीतरी म्हणजे काय? आणि नंतर म्हणजे किती वाजता?" मॅनेजर सज्जन होता, त्याने चहा पाजला. संध्याकाळी बँक बंद होता होता हे पुन्हा हजर, "नंतर झालं का?"

आता इथून पुढचं हसण्यासारखं नाही, तरी सांगायला हवं.

निवृत्तीनंतर ते क्रांती चौकाजवळच्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात वायरिंग दुरुस्त करायला गेले आणि तिथलेच होऊन बसले. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन काढावं लागतं, आठवड्यातून दोनदा तरी, आणि तेही जन्मभर. ही ठरलेली पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, छाती भरून येते. पैठण, वैजापूर, सिल्लोडकडची माणसं एसटीने यायची आणि मशीन बंद असलं की तशीच सुजलेल्या पायांनी परत जायची. भाऊजींना हे पाहवेना. त्यांनी हिंदी व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकून घेतलं. एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला, तो केंद्राच्या मागच्या खोलीत टेबलावर बसवला आणि त्यावर पाळ्यांचं पान चालू केलं. घरून निघण्यापूर्वी मोबाइलवर बघायचं, आपली पाळी कधी आहे आणि मशीन चालू आहे ना. लोक खूश झाले. सिस्टर तर म्हणायच्या, "काका, निम्मे फोन कमी झाले बघा."

पण पान बनवून थांबतील तर ते भाऊजी कसले! पान उघडलं नाही तर सर्व्हर आपला इंग्रजीत एक आकडा आणि एक शब्द फेकतो, हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी शब्दकोश घेऊन ते सगळे निरोप मराठीत केले. एक निरोप असा होता, की जे पान फक्त सिस्टरांसाठी आहे ते बाहेरच्या कुणी उघडू पाहिलं तर त्याला अडवायचं. मूळ इंग्रजीत त्याच्यापुढे एक आकडा असतो. तो भाऊजींनी काढून टाकला. का, तर म्हणे, "आकडा दिसला की लोकांना वाटतं आपला नंबर लागला." मग वर ट्रस्टचं बोधचिन्ह लावलं, मध्ये ठळक अक्षरांत 'आपणांस येथे प्रवेश नाकारण्यात आला आहे', आणि खाली उजवीकडे, आपल्याकडे सगळ्याच सरकारी पाट्यांवर असतं तसं, 'आज्ञेवरून'. मला कौतुकाने दाखवायला आणलं.

"भाऊजी, हे कलेक्टर कचेरीतून आल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं.

"मग? वजन नको का जरा!" ते खूश होऊन म्हणाले.

त्या निरोपात सर्व्हरची एकही खूण उरली नव्हती. तो एखाद्या माणसाने दुसऱ्या माणसाला सांगितल्यासारखा झाला होता. पण तो कुणाला दिसायचाच नव्हता, त्यामुळे मीही पुढे काही बोलले नाही.

पुढे एकदा त्यांनी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बदल केला. पाळ्या बदलायचं सिस्टरांचं पान केंद्रातल्याच कॉम्प्युटरवरून उघडावं, बाहेरून नाही, असा नियम त्यांना घालायचा होता. तो नियम त्या एका कप्प्याला लावायचा असतो. भाऊजींनी तो एक पायरी वर लावला, म्हणजे सगळ्याच पानांना. कपाटाचं कुलूप शहराच्या दरवाजाला लागलं. मग त्यांनी मशीनशेजारी खुर्चीत बसून पान उघडून पाहिलं. उघडलं. सिस्टरांच्या टेबलावर पाहिलं. उघडलं. केंद्राच्या आत बसलेल्याला सगळं उघडत होतं, नियमच तसा होता. घरी येऊन मला म्हणाले, "आज काम चोख झालं." आणि त्याच वेळी बाहेरच्या जगात, ज्यांनी ज्यांनी ते पान उघडलं त्या सगळ्यांना प्रवेश नाकारण्यात आला होता, आज्ञेवरून.

शहरातल्या काहींनी फोन केले. सिस्टर आपल्या स्क्रीनकडे बघून सांगायच्या, "इथे तर छान दिसतंय, तुमचं नेट बघा." बहुतेक जण सवयीने यायचे तसे आले. कुणी म्हणालं, "ते मोबाइलमध्ये कायतरी येड्यासारखं येतंय," आणि सगळे हसले. 'कायतरी' म्हणजे काय, हे विचारायला नेमके त्या वेळी भाऊजी तिथे नव्हते.

एक जण आले नाहीत. सिल्लोडच्या पुढे एका वस्तीवर राहणारे एक म्हातारे होते, जन्मभर मेंढ्या राखलेले. मी मंगळवारी दुपारी केंद्रात बसून लोकांचे इंग्रजी कागद वाचून द्यायची, त्यामुळे माझी त्यांची चांगली ओळख होती. खुर्चीत हाताला नळ्या लावून बसले की त्यांना बोलायला कुणीतरी लागे. "बाई, हितं रगत धुऊन मिळतं, धोतर मात्र घरी जाऊनच धुवावं लागतंय," हा त्यांचा ठरलेला विनोद. दर वेळी नव्याने सांगायचे आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचे. आदल्या आठवड्यात भावकीतल्या लग्नासाठी त्यांनी एक पाळी बुडवली होती. पुढच्या खेपेला सिस्टरांनी दटावलं, "बाबा, पुन्हा असं केलंत तर तुमचं मशीन दुसऱ्याला देईन." सिस्टर हे सगळ्यांनाच म्हणायच्या. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावून दाखवले होते.

त्यानंतरच्या पाळीच्या सकाळी त्यांच्या सुनेने मोबाइल उघडला आणि त्यावरची पाटी त्यांना वाचून दाखवली. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकलं, खालचा शब्दही ऐकला, आणि म्हणाले, "हुकूम निघाला." सून म्हणाली, फोन करून विचारते. त्यांनी करू दिला नाही. माळावर, रानात, तळ्याकाठी त्यांनी आयुष्यभर अशा पाट्या बघितल्या होत्या. चराई बंद, आज्ञेवरून. अशी पाटी दिसली की कुणाला काही विचारायचं नसतं, मेंढरं वळवायची आणि दुसरीकडे जायचं. विचारायला गेलं तर दंड होतो. इथे दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं, म्हणून ते घरी बसले.

केंद्रात वाटलं, म्हातारा पुन्हा लग्नाला गेला. सिस्टरांनी फोन लावला, पण वस्तीवर रेंज येते-जाते, तो लागला नाही. दुसरीही पाळी गेली. दम लागला तेव्हा त्यांना सिल्लोडला नेलं, तिथून इकडे आणताना ते वाटेतच गेले.

आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. मंगळवारी मी तिथेच बसले होते. त्यांची सून आली आणि दारात थांबली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"आत येऊ का?" ती म्हणाली. "का मला बी बंदी हाय?"

"अगं ये ना, बंदी कसली?" सिस्टर म्हणाल्या. "आणि सासरे कुठेत तुझे? दोन पाळ्या झाल्या. कुणाचं लग्न होतं आता?"

"मामंजी गेले."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. सून आत आली, तिने मोबाइल टेबलावर ठेवला. "त्यांचं काय चुकलं व्हतं तेवढं इचारायला आले. एक पाळी बुडाली म्हनून कुनी येवढं करतं व्हय?"

सिस्टरांनी आपल्या स्क्रीनवर बघितलं. तिथे म्हाताऱ्यांचं नाव आपल्या जागी होतं. तेवढ्यात भाऊजी मागच्या खोलीतून आले. त्यांनी तो मोबाइल हातात घेतला, आपलीच पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. मागच्या खोलीत गेले, सर्व्हरसमोर बसून सेटिंग तपासलं आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. शेजारच्या खोलीतून ट्रस्टचे सेक्रेटरी बाहेर आले होते. ते हळूच म्हणाले, "तांत्रिक अडचण होती म्हणून सांगा. तेवढं पुरे आहे."

"अडचण नव्हती," भाऊजी म्हणाले. "मी होतो."

आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. कुठला नियम कुठे लावायचा होता, तो कुठे लावला, आतून कसं दिसत होतं आणि बाहेरून कसं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हंजी कुनी हुकूम दिलाच नव्हता?"

"नाही."

"मंग खाली लिवलंय ते? आज्ञेवरून. कुनाची आज्ञा?"

असे प्रश्न जन्मभर भाऊजींनी दुसऱ्यांना विचारले होते. "कुणाचीच नाही," ते म्हणाले. "ते मी शोभेसाठी लिहिलं."

ती रडली नाही. मोबाइल उचलून पदराच्या टोकाने पुसला. म्हणाली, "मला सांगून काय करता? वस्तीवर समदे म्हनत्यात, म्हाताऱ्यानं दवाखान्यात कायतरी केलं असंल, उगंच कुनी हाकलत नाय. मरूनशान बी त्यांना ते ऐकावं लागतंय. दहाव्याला या, आन् तिथं सांगा." एवढं बोलून ती बस गाठायला गेली.

सेक्रेटरींनी भाऊजींना नाना परीने समजावलं. जाऊ नका, लोक चिडलेले असतील, ट्रस्टचं नाव खराब होईल. भाऊजींनी फक्त एवढंच विचारलं, "त्या माणसाचं नाव खराब झालंय त्याचं काय?" दहाव्याच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने सिल्लोडला आणि तिथून जीपने वस्तीवर गेलो. मी जाणार नव्हते. पण ते सकाळी चप्पल घालून दारात नुसते उभेच राहिले, तेव्हा मी पर्स घेतली.

ओढ्याकाठचे विधी उरकले होते. लिंबाखाली पुरुष बसले होते, बायका पलीकडे. आजूबाजूला मका काढलेली रानं, त्यात त्या म्हाताऱ्यांचीच मेंढरं चरत होती. भाऊजी सर्वांसमोर उभे राहिले आणि नेहमीच्या नेमकेपणाने सुरू झाले. सर्व्हर म्हणजे काय, त्यात कप्पे कसे असतात, सेटिंगची फाइल कुठे असते. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं आता कुणी उठून त्यांच्या अंगावर येणार. शेवटी म्हाताऱ्यांचे चुलतभाऊ, पटकेवाले, मध्येच म्हणाले, "सायब, लई झालं. हाकललं का नाय हाकललं, तेवढं सांगा."

भाऊजी थांबले. म्हणाले, "नाही हाकललं. त्यांची जागा होती. मशीन चालू होतं. सिस्टर वाट बघत होत्या. मी कुलूप भलत्या दाराला लावलं आणि वर माणसाला भिववणारी पाटी लावली. त्यांची काही चूक नव्हती. सगळी चूक माझी."

 मेंढरांचा आवाज तेवढा येत होता. मग मागून एक तरणा माणूस ओरडला, "मंग केस करायची का तुमच्यावर?"

"करा," भाऊजी म्हणाले. "माझं पूर्ण नाव लिहून घ्या, पत्ता सांगतो." आणि ते खरोखरच पत्ता सांगायला लागले, घर नंबरापासून, जवळच्या पाण्याच्या टाकीच्या खुणेसकट. त्या मुलाला काय करावं कळेना. पटकेवाले त्याच्यावर खेकसले, "खाली बस रं! केस करून तात्या उठनार हाय व्हय?" मग भाऊजींकडे न बघता म्हणाले, "तुमी बी बसा. जेवून जावा."

आम्ही पंगतीत बसलो. सून वाढत होती. तिने भाऊजींच्या ताटात वाढलं, त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढे गेली. आम्ही निघालो तेव्हाही ती बोलली नाही. पण लिंबाखालून बायकांचा आवाज माझ्या कानावर आला, "म्हंजी म्हाताऱ्याचं कायच नव्हतं बाई." त्यासाठीच तिने आम्हाला बोलावलं होतं. तिला आम्ही पुन्हा कधी पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीशी बसले होते. फुलंब्री मागे पडल्यावर ते म्हणाले, "आतून सगळं ठीक दिसत होतं, वहिनी." त्यांनी सबब म्हणून ते सांगितलं नव्हतं. 

त्यानंतरचे भाऊजी तुम्ही सुटीत आलात तेव्हा पाहिलेत. तुम्हाला ते विक्षिप्त वाटले आणि तुम्ही खूप हसलात, ते बरोबरच होतं. सर्व्हरवर एक अक्षर जरी बदललं तरी ते केंद्रात बसून तपासत नसत. चालत क्रांती चौकात जायचे आणि वाटेवरच्या अनोळखी माणसाला म्हणायचे, "जरा तुमच्या मोबाइलवर हे पान उघडून बघता का?" हल्लीच्या दिवसांत असं विचारणाऱ्याला लोक काय समजतात तुम्हाला माहीत आहे. एका रिक्षावाल्याने हात जोडले, "चचा, सुबू सुबू कौनसा फ्रॉड लेके आए? मेरे खाते में कुछ हैच नै." एका पोलिसाने बाजूला घेऊन अर्धा तास चौकशी केली आणि शेवटी स्वतःच्या मोबाइलवर पान उघडून दिलं. हळूहळू चौकातल्या रिक्षावाल्यांना सवय झाली. ते लांबून दिसले की आवाज यायचा, "चचा आए, मोबाइल निकालो!" तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. कधी कधी बसने सिल्लोडच्या स्टँडवर जाऊन तिथल्या कुणाच्या तरी मोबाइलवर बघून यायचे, आणि माझ्यासाठी येताना मक्याची कणसं आणायचे, जणू त्यासाठीच गेले होते.

आपल्या सोसायटीच्या फाटकावर पाटी होती, 'येथे वाहने लावू नयेत, आज्ञेवरून'. ते अध्यक्षांच्या घरी गेले. "कुणाची आज्ञा?" अध्यक्ष म्हणाले, "अहो, सगळ्यांचीच." "मग सगळ्यांची नावं लिहा." दोन महिने हा वाद चालला. शेवटी अध्यक्षांनी कंटाळून तो शब्द रंगाने पुसला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी कुणालाच काही समजावत बसले नाही.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. दुसऱ्यांना विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. दूधवाला "आज दूध नाय" म्हणून गेला तर ते नुसतं "बरं" म्हणायचे. बँकेचा निरोप आला तर मोबाइल उलटा ठेवायचे. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, विचारा ना, भांडा ना. ते गच्चीवर निघून गेले.

आता त्या एका ओळीत जे नव्हतं ते. दिवाळीनंतर त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासलं तर हृदयाची ताकद फार कमी झाली होती. डॉक्टर तरुण होते, म्हणाले, "काका, थोडा प्रॉब्लेम आहे." तेव्हा किती तरी दिवसांनी मी जुने भाऊजी पाहिले. "थोडा म्हणजे किती? कुठे? आणि किती दिवसांचा?" डॉक्टरांनी मग कागदावर हृदय काढून दाखवलं, कुठला कप्पा दमला आहे ते सांगितलं आणि दिवस फार नाहीत हेही सांगितलं. भाऊजींनी नीट ऐकलं, आभार मानले. ते आठ-पंधरा दिवस दवाखान्यात होते. गेले ते सकाळी, चहा घेतल्यावर. मी शेजारी होते. त्रास झाला, पण थोडा वेळ. शांतपणे म्हणतात तसं अगदी नव्हतं, आणि ते मी तसं लिहिणार नाही.

केंद्रात आता नवी व्यवस्था आहे. पुण्याच्या एका कंपनीची मुलं सगळं बघतात, भाऊजींचा कॉम्प्युटर भंगारात गेला. फक्त एक पान त्यांनी ठेवलं आहे. वस्तीवरून आल्यावर भाऊजींनी ती जुनी पाटी काढून तिच्या जागी लिहिलेलं. आजही काही बिघडलं, कुणाच्याही हातून आणि कशानेही, तर तेच उघडतं. त्यात असं आहे: 'हे पान आत्ता उघडत नाही. चूक आमची आहे, तुमची नाही. तुमची पाळी रद्द झालेली नाही. तुम्ही निघा. इथून तुम्हाला कुणी परत पाठवणार नाही.' त्याखाली त्यांचं पूर्ण नाव आणि मोबाइलचा नंबर. नव्या मुलांनी विचारलं, नाव काढायचं का? सिस्टर म्हणाल्या, राहू द्या. तो मोबाइल त्यांच्या टेबलावर असतो. त्या रोज तो चार्ज करतात. गेल्या आठवड्यात पान अडकलं तेव्हा वैजापूरहून एकाने त्या नंबरवर फोन करून विचारलं, निघू का. सिस्टरांनी उचलला आणि सांगितलं, निघा. तो आला आणि त्याची पाळी झाली.

तुमची आजी